सिकलसेल : दोष रक्ताचा की राज्यकारभाराचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर विवाहापूर्वी रक्त तपासून घेण्याचा उपदेश रंगविलेला दिसतो. सिकलसेल टाळावयाचा असेल तर सोयरीक जुळविताना कार्डे पाहा, असा त्याचा आशय. उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या राज्यसंस्थेजवळ या जंगलपट्टीतील माणसाला सांगण्यासारखे मुख्यतः एवढेच आहे, तिने आपले कर्तव्य त्या माणसाच्या लग्नमंडपात लोटून दिले आहे, असे म्हणणे भाग आहे. ही पळवाट किती सोयीची आहे आणि तिची किंमत कोण मोजतो, हे आपल्या कार्यकर्त्यांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वी मूल तालुक्यातील एका खेड्यात सोयरिकीच्या बैठकीला मी हजर होतो. मुलगी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नात्यातील. चहा झाला, देण्याघेण्याचे बोलणे झाले आणि मग मुलाच्या मामाने मुलीचे कार्ड मागितले. ती ‘ए.एस.’ म्हणजे वाहक होती. दहा मिनिटांत बैठक उठली. मी विचारले, मुलाचे कार्ड कोठे आहे? त्यावर मिळालेले उत्तर असे : “पोरगा तं धडधाकट आहे ना सर, त्याले कायले तपासाचं?” धडधाकट तर ती मुलगीही होती. वाहक व्यक्ती रोगी नसते, आणि मुलगा वाहक नसता तर त्यांच्या एकाही अपत्याला हा रोग झाला नसता. हे मी सांगत राहिलो, पण तोवर मंडळी गाडीत बसली होती.

शास्त्र येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्या चळवळीत या विषयासंबंधी अज्ञान आहे आणि संकोचही आहे. आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचविते. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहावा दुवा बदललेला असला की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकातील एका अक्षराचा हा फरक. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅमने नेमका कोणता दुवा बदलतो ते शोधून काढले. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांस चिकटते, पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जेथे अडकते तेथे असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे आणि जंतुसंसर्गाला तोंड देण्याची शक्ती क्षीण.

हे जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आले तरच मूल ‘एस.एस.’ म्हणजे रोगी होते. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते. ‘चार मुलांत एक’ असा जो अर्थ गावोगाव लावला जातो तो चुकीचा आहे. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली असे होत नाही. दरवेळी फासा नव्याने पडतो.

मग असे घातक जनुक पिढ्यान्पिढ्या टिकले कसे? याचे उत्तर रक्ताच्या ‘अशुद्धते’त शोधू नये, ते इतिहासात आणि भूगोलात आहे. वाहक व्यक्तीला मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसनने १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले. रक्ताचे आनुवंशिक आजार आणि हिवताप यांचा असा संबंध असावा, ही कल्पना त्याआधी थॅलसेमियाच्या संदर्भात जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली मांडली होती. हे हाल्डेन मार्क्सवादी होते, १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांचे नाव मी मुद्दाम घेतो. आनुवंशिकता म्हटले की आपल्याकडील पुष्कळांना हिटलरचा वंशवाद आठवतो आणि ते विषय बदलतात. दुसऱ्या टोकाला सोव्हिएत रशियात लायसेंकोने जनुकशास्त्रच भांडवलदारी ठरविले, त्या काळात वाविलॉव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात मेला. जनुक नाकारणे हा काही पुरोगामीपणा नव्हे. जनुकाच्या नावाखाली सरकार काय लपविते, हे पाहणे आपले काम आहे.

जेथे शतकानुशतके हिवताप होता तेथे हे जनुक टिकले, एवढा या सर्वाचा अर्थ. गडचिरोली आजही महाराष्ट्रातील हिवतापाचा फार मोठा वाटा उचलतो. म्हणजे हिवतापापासून वाचविणारे जनुक एकीकडे आणि तो हिवताप दुसरीकडे, दोन्ही त्याच माणसाच्या वाट्याला. त्यातही विपरीत असे की जनुकाचे संरक्षण वाहकाला मिळते. ज्याला रोग आहे त्याला हिवताप झाला तर तो अधिकच धोक्यात येतो.

हा आदिवासींचा आजार, असे सरकारी कागदांत आणि वृत्तपत्रांतही सर्रास म्हटले जाते. गडचिरोलीतील माडिया, तसेच परधान आणि ओटकर यांच्यात वाहकांचे प्रमाण फार मोठे आहे, हे खरे. या जमातींत आणि पावरा-भिल्लांमध्ये ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळल्याचे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांच्या पाहणीत नोंदविलेले आहे. परंतु भारतात हे जनुक प्रथम आढळले ते १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील स्थलांतरित मजुरांत. आणि विदर्भात १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी त्याची नोंद केली ती मुख्यतः महार समाजात. आज विदर्भात बौद्ध वस्त्यांत आणि इतर मागास जातींतही त्याचे रुग्ण आहेत. डासाने जातीचा दाखला कधी विचारला नाही. तरीही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची आखणी आदिवासी भागांभोवतीच झाली. तीन वर्षांत ४० वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे घोषित लक्ष्य. तपासणीचा आकडा सहा कोटींपुढे गेल्याचे सरकारने २०२५ साली सांगितले.

सहा कोटींची तपासणी ही लहान गोष्ट नाही, हे मान्य. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. एखाद्या योजनेचे यश कशात मोजले जाते, ते तो आधी पाहतो. येथे यश मोजले जाते वाटलेल्या कार्डांत. रुग्णाला औषध वर्षातून किती महिने अखंड मिळाले, वेदनेचा झटका आल्यावर किती तासांत उपचार मिळाला, ‘एस.एस.’ मुलांपैकी किती जण पाचव्या वाढदिवसापर्यंत पोहोचली, या मोजमापांची जाहिरात होताना दिसत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसाही ठेवला जात नाही.

आणि मोजण्यासारखे पुष्कळ आहे. लहानपणी रोज पेनिसिलीन दिल्यास या मुलांतील न्यूमोकॉकस जंतूचा घातक संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो, हे अमेरिकेत १९८६ साली सिद्ध झाले. पेनिसिलीन हे औषधांतील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि झटके कमी होतात. अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी १९९८ साली मान्यता मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी मात्रेतही ती आपल्याकडील मुलांना लाभते, हे २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दाखविले. म्हणजे ज्ञान परदेशातून यावयाचे राहिलेले नाही, ते दीडशे किलोमीटरवर नागपुरातच आहे. जनुक तेच असूनही एक रुग्ण पन्नाशी पाहतो आणि दुसरा शाळेच्या वयात जातो. हा फरक जनुक करीत नाही.

तो फरक कोण करते हे पाहावयाचे तर रोवणीच्या दिवसांत गडचिरोलीत यावे. या आजाराचा झटका कशाने येतो? शरीरातील पाणी कमी झाल्याने, थंडीने, तापाने, अतिश्रमाने. आता आपल्या शेतमजुराचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगल, दुपारी उन्हात पुडे बांधणे, पाण्याची बाटली असली तर असली. पावसाळ्यात धानाची रोवणी, सबंध दिवस गार चिखलात पाय आणि पाठीवर पाऊस. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात जे टाळावे म्हणून लिहिले आहे ते सारे या दोन हंगामांत एकवटलेले आहे, आणि नेमक्या याच दोन हंगामांत रोख पैसा हाती येतो. रोग्याने विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. परंतु विश्रांती ही मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने विकत घ्यावयाची वस्तू आहे आणि तिची किंमत म्हणजे त्या दिवसाची बुडालेली मजुरी. झटका एकाला आला तरी मजुरी दोघांची बुडते, कारण दवाखान्यात कोणीतरी बरोबर जावे लागते.

माझ्या वर्गात अनेक वर्षांपूर्वी एक मुलगा होता. ऑगस्ट-सप्टेंबरात तो हमखास आठ-पंधरा दिवस गैरहजर असे आणि परत आला की मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसे. मी त्याला आळशी समजलो. एकदा चारचौघांत बोललोही. त्याचे नाव पुढे पटावरून गेले ते मृत्यूमुळे, हे मला परीक्षेनंतर कळले. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून श्रमशक्तीवर मी तासन्तास व्याख्याने दिली होती; समोरच्या बाकावरील श्रमशक्तीचे काय होत आहे ते मला दिसले नाही. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना आजही दिसत नाही.

रक्ताचा प्रश्न याहून बिकट. गंभीर रुग्णाला रक्त द्यावे लागते. भामरागडहून गडचिरोलीचे अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, ही बातमी वर्षानुवर्षे प्रत्येक पावसाळ्यात छापली गेली. हेमलकशाला १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला, म्हणून त्या भागात निदान एक आधार झाला. राज्याने मात्र रस्ता कोणासाठी प्रथम बांधावा, याचे उत्तर एटापल्लीकडे पाहिले की मिळते. सुरजागडच्या डोंगरातील लोखंड बाहेर काढावयाचे ठरले तेव्हा अवजड वाहनांना वाट सापडली. चंद्रपूरचा कोळसा शंभर वर्षांहून अधिक काळ बाहेर जातो, त्यावर वीज होते आणि ती मुंबई-पुण्याला उजळते. येथला जिन्नस बाहेर जाण्याची व्यवस्था चोख असते. येथे यावयाची रक्ताची पिशवी तेवढी वाटेत अडते.

पैसा नाही, हे कारण कोणी सांगू नये. खाण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठी खाणवाल्यांकडून येणाऱ्या या निधीचा किमान ६० टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करावा, असा तेव्हाच दंडक घालण्यात आला. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही खाणींचे जिल्हे. तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्तसाठवणीची सोय आणि बारमाही औषधे, यांचा खर्च या निधीतून मागण्यास कोणता कायदा आडवा येतो?

कायद्याचे दुसरे उदाहरण घ्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, याबद्दल आपण आनंद मानला. परंतु त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात रक्ताच्या आजारांना स्थान नाही. उच्च शिक्षणात राखीव जागा आहे, नोकरीत नाही! म्हणजे शिका आणि मग पुन्हा रोवणीला जा. शिवाय सवलतीसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. रात्रभर ओरडणाऱ्या माणसाची वेदना सकाळी तो शांत झाल्यावर किती टक्के भरते?

येथे कोणी म्हणेल, आता जनुकच दुरुस्त करता येते, मग जुने रडगाणे कशाला. होय, येते. अशा एका उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ अखेर मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठेवण्यात आली. आपल्या देशातील शास्त्रज्ञांनीही या दिशेने काम केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्वदेशी उपचाराला बिरसा मुंडांचे नाव दिले. शास्त्रज्ञांचे अभिनंदन. पण ज्या यंत्रणेला काही रुपयांची गोळी महिन्याच्या महिन्याला एटापल्लीच्या आत पोहोचविता आलेली नाही, तिने बिरसांचे नाव एवढ्या सहजपणे घ्यावे याचे नवल वाटते. केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तविकारांसाठीचे केंद्र चंद्रपूरला झाले, डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले. चांगले झाले. निदान आणि उपचार यांची सांगड तेथून खेडोपाडी गेली तर त्याचे सार्थक.

आता पुन्हा लग्नाकडे येतो. ‘वाहकाने वाहकाशी लग्न करू नये’ हा उपाय ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाने पन्नास वर्षांपूर्वी करून पाहिला. सबंध गावाची सिकलसेल तपासणी झाली, सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी पाहिले तेव्हा वाहकांची आपसातील लग्ने योगायोगाने व्हावीत तेवढीच झालेली होती. वाहकांना कलंक लागला होता, पुष्कळांनी लग्न जमविताना माहिती लपविली होती. सायप्रस बेटावर थॅलसेमियाची बाळे जन्माला येणे जवळजवळ थांबले, त्याचा दाखला नेहमी दिला जातो. पण तेथेही वाहक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत; गरोदरपणातील तपासणी आणि उपचार यांची खात्रीची सोय तेथे उभी होती, म्हणून ते घडले. आपण सायप्रसचा निकाल मागतो आणि ऑर्कोमेनोसची साधने देतो. आपल्याकडे तर कलंक मुलीच्याच कपाळी बसणार, हे मूल तालुक्यातील त्या बैठकीने दाखविलेच आहे. मुलाचे रक्त पत्रिकेसारखे, दाखवावयाचे नसतेच!

सर्व मुलांची तपासणी जन्मतःच व्हावी, लग्नाच्या बाजारात नव्हे. जन्मतः निदान झाले तर पेनिसिलीन देता येते, आईबापांना पुढच्या वेळी निर्णय घेता येतो. लग्नाच्या वेळी निदान झाले तर सोयरीक तेवढी मोडता येते.

आपल्या पक्षाचाही हिशेब झाला पाहिजे. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ साली काळ्या वस्त्यांतून सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली आणि या रोगाकडे झालेले दुर्लक्ष हा राजकीय प्रश्न म्हणून उभा केला. १९७२ साली तेथील सरकारला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्यातही चुका झाल्या, वाहकांना विमा आणि नोकऱ्या नाकारण्याचे प्रकार घडले. परंतु एका राजकीय पक्षाने रक्ताचा प्रश्न सत्तेच्या दारात नेला, हे विसरता येत नाही. त्या पँथरचे नाव १९७२ सालीच मुंबईला पोहोचले. त्यांचा सिकलसेलचा कार्यक्रम मात्र आपण समाजवाद्यांनीही उचलला नाही. विदर्भात तर तो रोग नोंदविला जाऊन चौदा वर्षे झाली होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात सिकलसेलची पाहणी केली तेव्हा लोकांना तो आपला अग्रक्रमाचा प्रश्न वाटला नाही, असे त्यांनीच प्रांजळपणे सांगितले आहे. मला त्यात लोकांचे अज्ञान दिसत नाही. ज्या निदानानंतर हाती काहीच पडत नाही त्यात गरिबाने रस का घ्यावा? म्हणून कार्यकर्त्यांनी शिबिरे घेऊन बोटे टोचण्याआधी औषधाचा हिशेब मागावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवते तिला आपल्या गावातील ‘एस.एस.’ मुलांची, त्यांना मिळालेल्या आणि न मिळालेल्या गोळ्यांची वही ठेवणे अवघड नाही. मात्र ती वही ग्रामसभेच्या पेटीत राहावी, सोयरिकीच्या बैठकीत फिरू नये.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे निवृत्त मास्तर तीन आरोग्य केंद्रांत एकच प्रश्न घेऊन गेलो होतो : हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आज कपाटात किती आहेत? एका ठिकाणी होत्या आणि परिचारिकेने आपणहून नोंदवही उघडून दाखविली. दुसऱ्या ठिकाणी मागणी केलेली आहे असे सांगण्यात आले, कधी ते सांगता आले नाही. तिसऱ्या ठिकाणी आम्हालाच विचारण्यात आले की आपण कोणत्या पक्षाचे. आम्ही सांगितले, आणि प्रश्न पुन्हा विचारला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. मूल, सिंदेवाही आणि आरमोरी तालुक्यांतील ज्या साथींना सोबत यावयाचे असेल त्यांनी एक वही आणि पेन तेवढे आणावे.